विमानाचं टोपडं

नेरूळच्या त्या रो-हाउसच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की पुतळाला पहिला प्रश्न ठरलेला असे. "वहिनी, ते तुमच्या दारात काय आहे हो?"

पहिली काही वर्षं ती खरं ते सांगायची. "विमान आहे. ह्यांनी करायला घेतलंय." मग समोरचा माणूस हसायचा, ती हसली नाही की गप्प व्हायचा, आणि जाताना मागे वळून वळून बघायचा. पुढे तिला वीट आला. "काय की बाई, ह्यांनाच विचारा," म्हणून ती आपले तांदूळ निवडायला लागायची. आता विमान म्हणजे काय तुळशीचं वृंदावन आहे, दारात मांडलं आणि झालं? पण सांगणार कुणाला!

तिचा नवरा रावसाहेब खराडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांनी ठरवलेल्या टाक्या आणि पाइप कागदावर काढायचे, खाली सही दुसऱ्यानं करायची, असली नोकरी. माणूस सरळ. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, पगार झाला की पाकीट देवापुढे. फक्त लहानपणी त्यांच्या सांगलीकडच्या गावात उसावर औषध मारायला एक विमान आलं होतं, ते माळावर उतरलं आणि रावसाहेबांनी त्याच्या चाकाला हात लावला. तो हात त्यांनी पुन्हा कधी धुतलाच नाही म्हणायचं.

नव्वद सालच्या आसपास सिडकोचं घर मिळालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात हॉलमध्ये पंख सुरू झाला. एक पंख हॉलमध्ये मावेना. म्हणून त्याचं टोक स्वयंपाकघराच्या दारातून आत आलं आणि ओट्याच्या वर थांबलं. भाकरी थापताना पुतळाला मान वाकडी करावी लागे, नाहीतर कपाळमोक्ष. तिच्या लेकीच्या, स्मिताच्या लग्नात रुखवत मांडायला जागा नव्हती, तर ते पंखावर मांडलं. वरपक्षाकडच्या बायका करंज्यांची ताटं सोडून खालचं लाकूडच चाचपून बघत होत्या. एकदा कुठलासा मोजमाप करणारा साहेब आला. दारातल्या सांगाड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे वाढीव बांधकाम आहे. काढावं लागेल."

"साहेब, ते जाणारच आहे," रावसाहेब म्हणाले.

"कधी?"

पुतळालाही तेच विचारायचं होतं. पण ती गप्प बसली, कारण उत्तर तिला पाठ होतं. "तुला नाही कळायचं ते." हे वाक्य रावसाहेब रागानं म्हणत नसत. दमलेल्या माणसानं 'पाणी दे' म्हणावं, तितक्या सहज म्हणत. हे कशाला, ते कुठं बसतं, तेल कशाचं गळतंय, काहीही विचारा, तुला नाही कळायचं. मग तिनं विचारणंच सोडलं. इलाज काय? घर त्यांचं, पगार त्यांचा, आणि वेडही त्यांचंच. आपण मान वाकडी करून भाकरी थापायची.

बरं, काम मात्र तिला चुकलं नाही. लाकडी फासळ्यांचा पंख तयार झाला तेव्हा त्यावर कापड चढवायचं निघालं. म्हणजे उशीला अभ्रा घालतात तसा पंखाला अभ्रा, फक्त सुरकुती एकही चालायची नाही. तो शिवायचा कुणी? पुतळानं. मशिनीवर बसून तिनं दोन्ही पंखांचे, शेपटीचे अभ्रे शिवले. वर रावसाहेबांनी कसलासा लेप दिला, त्याच्या वासानं आठवडाभर घरात जेवण जाईना. सगळं वाळून ढोलकीसारखं ताठ झालं, तेव्हा त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "टाका बरा आहे." एवढंच. पण तो दिवस तिच्या लक्षात राहिला. खोटं कशाला बोलायचं, तिला बरं वाटलं.

अपघातात चेपलेल्या मारुती गाडीचं इंजिन आलं. पुढच्या पंख्याची लाकडी पाती खाडीकाठच्या दिवाळे गावच्या भगवाननं तासून दिली. भगवान होड्या बांधणारा कोळी. खाडीच्या पाण्यात चालतं ते वाऱ्यात चालेल की नाही याची त्याला खात्री नव्हती, पण हौस होती. आणि एकदाचं विमान झालं. एका माणसाचं, पांढरं, शेपटीला निळा पट्टा.

मग कागद सुरू झाले. दिल्लीच्या कचेरीला पत्र, दिल्लीहून पत्र. घरी केलेल्या विमानाचं करायचं काय, हे तिथंही कुणाला धड ठाऊक नसावं. रावसाहेबांचे केस पिकले, कारखान्यानं माणसं कमी केली त्यात ते घरी बसले, दारातल्या विमानावर कोंबड्यांनी अंडी घातली. शेवटी एकदाच, थोड्या उंचीवर, मोकळ्या जागेत उडवून बघायला हरकत नाही, असं उत्तर आलं. खाली एक ओळ होती. उडवणारा माणूस परवानाधारक वैमानिक असावा.

रावसाहेबांकडे कसला आलाय परवाना! ते पत्र घेऊन माणूस पायरीवर बसून राहिला. चहा गार झाला, तो पुतळानं गरम करून आणला, तोही गार झाला. "म्हणजे आपण बनवायचं आणि दुसऱ्यानं बसायचं," ते म्हणाले. पुतळाला वाटलं, म्हणावं, मी शिवलेल्या अभ्र्यांत तरी मी कधी बसणार होते? पण तिला त्यांची दया आली. इतकं हरलेलं तोंड तिनं त्यांचं पाहिलं नव्हतं.

तो दुसरा म्हणजे आमिर. त्याचे वडील कासिम पूर्वी रावसाहेबांच्याच कारखान्यात वेल्डर होते, नंतर कुवेतला गेले. तिकडच्या कमाईतून पोराला विमान चालवायला शिकवलं. परवाना मिळाला, आणि त्याच सुमारास नव्या विमान कंपन्या एकेक करून बसल्या. पोरगा तिशीच्या आतला, उमदा, आणि वाशीला एका तिकीट काढून देणाऱ्या ऑफिसात दुसऱ्यांना विमानात बसवायचं काम करत होता. रावसाहेबांनी विचारल्यावर त्यानं तिथल्या तिथं हो म्हटलं. त्याची आई खदीजा उरणजवळच्या मोऱ्याहून मुद्दाम भेटायला आली. खिडकीतून विमानाकडे बघत पुतळाला हळूच म्हणाली, "बाय, उडंल ना गो ते? एकुलता एक हाय माजा."

"उडंल की," पुतळा म्हणाली. आणि लगेच तीही खिडकीतून विमानाकडे बघायला लागली. आपल्याला काय माहिती, उडेल का? आपल्याला कुणी सांगितलंय का कधी?

त्याच आठवड्यात रावसाहेबांनी तिला डाव्या पंखाच्या टोकाशी नेलं. तिथून बोटाएवढी एक नळी पुढे आली होती. "हिला एक टोपडं शिव. बांधायला नाड्या ठेव."

"कशाला?"

"कुंभारीण घर करते आत."

हे मात्र पुतळाला नीट कळलं. कुंभारीण माशी मेली सवयीचीच होती. चिखलाचे गोळे आणायचे आणि दिसेल त्या भोकात घर बांधायचं, कुलूप म्हणू नका, नळ म्हणू नका. तिनं लाल खणाच्या उरलेल्या तुकड्याचं टोपडं शिवलं, स्मिताला शिवलं होतं अगदी तसं, मागे दोन नाड्या. नळीला घालून बघितलं. असं नकटं, गोजिरवाणं दिसलं की तिला हसू आलं. "हे असंच ठेवायचं ना?" तिनं विचारलं. रावसाहेब इंजिनात डोकं घालून होते. "हं," म्हणाले. ती नळी कशासाठी आहे हे त्यांनी सांगितलं नाही. आणि तिनंही विचारलं नाही.

डिसेंबरातली सकाळ होती. खाडीकाठानं नवा रस्ता झाला होता, डांबर पडलं होतं पण दिवे बसले नव्हते, रहदारी सुरू नव्हती. टेम्पोतून विमान तिथं आलं, पंख जोडले गेले. ओहोटी होती. रस्त्याच्या पलीकडे खारफुटी, आणि त्यापुढे नुसता काळा चिखल पसरलेला. दिवाळ्याची चार माणसं, भगवान, गल्लीतले दोघेतिघे आणि खदीजा, इतकीच गर्दी. आमिरनं खाली उभं राहून सगळं सांगितलं. रस्त्यावरून धावायचं, ताडाएवढं वर जायचं आणि पुढे याच रस्त्यावर उतरायचं. "चाची, टेन्शन घेऊ नका. तुमचा चहा होईपर्यंत खाली."

मग तो विमानाभोवती फिरला. एकेक ठिकाण हलवून, ओढून बघत होता. फार काळजीचा पोरगा. डाव्या टोकाशी आला, टोपडं काढलं आणि रावसाहेबांच्या हातात दिलं. रावसाहेबांच्या एका हातात पाना, दुसऱ्यात तेलाचं फडकं. शेजारी पुतळा पूजेचं ताट घेऊन उभी होती. त्यांनी टोपडं त्या ताटात टाकलं आणि मागच्या चाकाकडे गेले.

आधी खदीजानं पोराच्या दंडाला ताईत बांधला, ओठांत काहीतरी पुटपुटली. पुतळा तेव्हा तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिली. त्यांचं ते त्यांना, आपण मधे टक लावून काय बघायचं! मग तिनं विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं. हार घालायला गेली तर आमिर म्हणाला, "चाची, हार नको हं, पंख्यात जाईल." नको तर नको. नारळ रस्त्यावर फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. आमिर आत जाऊन बसला, पट्टे आवळू लागला.

ताटात टोपडं राहिलं होतं.

नवं कापड अंगावर घालायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावायचं, ही पुतळाच्या माहेरची रीत. स्मिताच्या एकेका फ्रॉकला तिनं लावलं होतं, रावसाहेबांच्या सदऱ्यांनाही लावायची, ते 'डाग पडतो' म्हणून ओरडायचे तरी. आणि आज त्याच माणसानं स्वतःच्या हातानं टोपडं तिच्या ताटात ठेवलं होतं. दुसरं कशासाठी ठेवलं असणार? एवढ्या वर्षांत ह्यांनी आपल्या देवधर्माची आठवण ठेवून काहीतरी केलं, या विचारानं तिला भरून आलं. तिनं लाल खणाला कुंकवाचं बोट लावलं. खाडीवरून बोचरं वारं येत होतं. लेकरू पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर निघालंय आणि उघड्या डोक्यानं? तिनं टोपडं नळीवर चढवलं, नाड्यांना गाठ मारली, वाऱ्यानं सुटू नये म्हणून वर आणखी एक मारली. खदीजा तिथंच पंखापाशी उभी होती. दोघींची नजरानजर झाली, खदीजा थोडंसं हसली. आमिरला बसल्या जागेवरून ते टोक दिसत नव्हतं आणि रावसाहेब शेपटीपाशी होते.

इंजिन सुरू झालं. रावसाहेबांनी शेपूट धरून ठेवली, भगवाननं चाकांपुढचे दगड काढले, आमिरनं हात हलवला आणि रावसाहेबांनी सोडून दिलं.

विमान धावलं. धावता धावता हलकं झालं, आणि चाकं रस्त्यापासून सुटली. दिवाळ्याच्या माणसांनी आरोळी ठोकली. भगवान तर लहान पोरासारखा उड्या मारत होता. पुतळाचे डोळे भरून आले. आपण शिवलेलं कापड आभाळात चाललंय, हे काय साधं आहे? तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं, त्यांचं तोंड बघायला.

रावसाहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"ते लाल काय आहे?"

"कुठं?"

"पंखाला. डाव्या पंखाला लाल काय आहे?"

"टोपडं आहे की," पुतळा म्हणाली. "तुम्हीच नाही का ताटात..."

रावसाहेबांनी डोक्याला हात लावला. आणि मग हा माणूस, जो इतकी वर्षं तुला नाही कळायचं म्हणत आला, तो तिथं उभ्या उभ्या तिला समजावून सांगायला लागला. त्या नळीत वारा शिरतो. त्या वाऱ्यावर आमिरसमोरचा काटा हलतो. वेग किती, हे त्याला फक्त त्या काट्यावरून कळतं. वेग कमी पडला की विमान विमान राहत नाही, दगडासारखं खाली येतं. नळी झाकली असेल तर काटा शून्यावरच बसून राहणार. "त्याला काही कळत नसेल आता," ते म्हणाले. "आंधळा चाललाय तो."

सगळं कळलं पुतळाला. एका शब्दाचीही अडचण आली नाही. इतकं तर सोपं होतं ते! हे त्या दिवशी सांगितलं असतं, नळीजवळ उभं राहून, दोन वाक्यांत, तर? पण आता सांगून काय उपयोग?

काटा हलेना म्हणून आमिरला वेग पुरेसा नाही असं वाटलं असावं. तो इंजिन कमी करेना. ताडाएवढं वर जाऊन उतरायचं होतं, ते राहिलं आणि रस्ता खाली संपला. विमान खाडीकडे वळलं.

"आमिर! अरे टोपडं! टोपडं काढ!" पुतळा ओरडली. काय वेडेपणा! तो हात बाहेर काढून काढणार होता का? आणि ऐकू तरी कुठून जाणार? पण ती ओरडतच राहिली. रस्त्यावरून पळाली, पदर हलवला, हातातलं ताट डोक्यावर धरून हलवलं. वरून आमिरनं तिला पाहिलं. त्यानं हात हलवून उत्तर दिलं.

खदीजा मागून आली. "काय झाला गो? भाईसाब, काय झाला?"

"काही नाही, भाभी," रावसाहेब म्हणाले. "वारा आहे जरा."

खदीजानं पुतळाकडे पाहिलं. पुतळाच्या ओठावर आलं होतं, मी केलं, मी तुझ्या पोराचे डोळे बांधले. पण या घटकेला सांगून त्या माउलीनं करायचं काय? तिच्याही हातात तेवढंच होतं, वर बघणं. पुतळानं तिचा हात धरला. खदीजाचा हात थंडगार होता, का आपला, तेही कळेना. रावसाहेब जणू आमिर शेजारीच बसलाय अशा आवाजात पुटपुटत होते, "नाक खाली ठेव, बाळा. नाक खाली. घाई नको." ज्या माणसाला स्वतःला कधी उडायला मिळालं नाही, तो जमिनीवरून विमान चालवत होता.

आमिर फिरून रस्त्यासमोर आला. पहिल्यांदा फार जोरात आला, चाकं रस्त्याला लागेचनात, नुसताच डोक्यावरून निघून गेला. तेव्हा त्याचं तोंड दिसलं. हसरा पोरगा, पण ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्यांदा त्यानं वेग कमी केला. इंजिनाचा आवाज खाली आला, आणखी खाली आला. रावसाहेब म्हणाले, "नको, एवढा नको." खारफुटीवर येऊन विमान क्षणभर जागच्या जागी थांबल्यासारखं वाटलं. मग डावीकडे कललं, टोपड्याच्या बाजूला, आणि चिखलात पडलं.

आवाज फार मोठा झाला नाही. चिखलानं गिळला.

खदीजा किंचाळली नाही. नुसती खाली बसली. रावसाहेब चपला सोडून चिखलात शिरले आणि चार पावलांत मांडीपर्यंत रुतले. ना पुढे जाता येईना, ना मागे. तिथंच उभे राहून हाका मारत राहिले. "आमिर! ए आमिर!" भगवान आणि त्याच्या माणसांना चिखलाची सवय. त्यांनी होडीतल्या फळ्या आणल्या, एकीपुढे एक टाकत गेले. पुतळा आणि खदीजा काठावर. किती वेळ गेला ते विचारू नका. अखेर तिकडून भगवान ओरडला, "जित्ता हाय! बोलतंय पोरगं!"

तेव्हा कुठे खदीजा रडली.

आमिरला फळ्यांवरून ओढत आणलं. खांदा निखळला होता, हात मोडला होता, कपाळ फुटलं होतं. रावसाहेबांना ओढून काढायला आणखी दोघं लागली. आमिरला टेम्पोत घालून नेलं तेव्हा भरती लागली होती. भगवाननं विमानाला दोर बांधून ओढून बघितलं, तर शेपूट तेवढी हातात आली. मग पाणी आलं. पंखांच्या अभ्र्यांवरून पाणी चढत गेलं, आणि चिखलानं माखलेले रावसाहेब काठावर बसून बघत राहिले. पुतळा शेजारी बसली. पांढरं कापड दिसेनासं झालं तेव्हा रावसाहेब उठले आणि म्हणाले, "चल घरी. दवाखान्यात जायचंय."

चौकशीला माणूस घरी आला. पुतळानं मनाशी पक्कं केलं होतं, सांगून टाकायचं. तो विचारायला लागला तशी ती पुढे झाली, म्हणाली, "साहेब, त्याचं असं झालं..."

"अगं, साहेबांना चहा टाक," रावसाहेब म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर हलवली नाही. ती आत गेली. ओट्यावर आता पंख नव्हता, मान सरळ ठेवता येत होती. दूध उतू जाईपर्यंत ती बाहेर रावसाहेब काय सांगतात ते ऐकत होती. काटा जुना होता, साहेब. सेकंडहँड घेतला होता. बसवताना मी तपासला नाही. चूक माझी. आमिरनंही दवाखान्यातून तेच सांगितलं होतं, काटा हलला नाही म्हणून. खोटं एकही नाही आणि खरंही नाही. पुढे पत्र आलं, रावसाहेब खराडे यांना अशा कामाची परवानगी यापुढे मिळणार नाही. ते वाचून त्यांनी घडी घातली आणि खिडकीत ठेवलं.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" तिनं एकदा विचारलंच.

"टोपडं ताटात कुणी टाकलं?" ते म्हणाले. "आणि कशाला आहे ते सांगितलं का मी? एवढं मोठं विमान बांधलं, आणि तुला दोन वाक्यं सांगायला मला तोंड नव्हतं."

"मग मला शिव्या तरी द्या. एकदा ओरडा तरी!"

रावसाहेब ओरडले नाहीत. ते रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसत, जिथं पंखाचं बूड असायचं त्या बाजूला तोंड करून. हॉल एवढा मोठा आहे हे पुतळाला कधी माहीतच नव्हतं. कधी कधी ते तिला आपणहून काहीतरी समजावून सांगत, फ्रीज थंड कसा होतो, पंप पाणी कसा ओढतो. ती ऐकून घ्यायची. आता सगळं कळत होतं, आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

नवऱ्यानं चूक अंगावर घेतली म्हणून बायकोची सुटका होते असं कुणाला वाटत असेल तर त्याला बायको म्हणजे काय हे ठाऊक नाही. शेवटी एक दिवस पुतळा उरणची गाडी धरून मोऱ्याला गेली, एकटी.

आमिरचा हात प्लास्टरमधून निघाला होता, पण कोपर पुरतं सरळ होत नव्हतं. असल्या हाताला विमान कोणती कंपनी देणार! तो बापाकडे कुवेतला जायचा होता, कुठल्याशा दुकानाच्या हिशेबावर. बॅगा भरून ठेवल्या होत्या. "चाची, या," म्हणून त्यानं खुर्ची पुढे केली, एका हातानं, आणि काहीतरी आणायला बाहेर गेला. मुद्दामच गेला असणार, समजूतदार पोरगा.

पुतळा खुर्चीवर बसली नाही. खाली खदीजासमोर बसली आणि वाटेत शंभरदा घोकलेलं एका दमात बोलली. "ते लाल टोपडं मी घातलं होतं. काटा चांगला होता. तुझ्या पोराचं मी वाटोळं केलं. काय बोलायचं ते मला बोल."

खदीजानं दाराकडे पाहिलं, आमिर जवळपास नाही याची खात्री केली.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "आमिरनी सांगितला मना, दवाखान्यानच. चिखलानशी काडताना त्याला टोपडा दिसलेला. पन त्याच्या आदीपासून ठावं हाय. मी थयंच उबी होते गो. तू कुकू लावलास, टोपडा घातलास, दोन दोन गाठी मारल्यास. माज्या डोल्यासमोर."

"मग?"

"आमिरनी ते काडलेला पन मी बगितला होता. मनान आला, हा पोरानी काडला, ही परत कशाला घालते? इचारावा काय?" खदीजानं ओढणी तोंडाला लावली. "पन मना वाटला, तुमचा काय रिवाज असंल. दुसऱ्याच्या रिवाजान आपन कसा बोलनार? म्हून हसले नुसती."

पुतळाला ते हसू आठवलं. आणि त्याच्या जरासं आधी, खदीजा पोराच्या दंडाला ताईत बांधत होती तेव्हा आपण कसं अदबीनं तोंड फिरवून उभं राहिलो होतो, तेही आठवलं.

"विचारायचं गं," ती म्हणाली. "एकदा विचारायचंस."

"आनि तू?" खदीजा म्हणाली. "तू इचारलास तुज्या घरवाल्याला?"

बाहेर आमिर परत आला होता आणि एका हातानं फाटक लावायचा प्रयत्न करत होता. कडी बसत नव्हती. दोघींनाही दिसत होतं, पण मदतीला गेलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून दोघीही जागच्या उठल्या नाहीत.